एक्सेलमधलं जग: इफ्फीचा कार्यक्रम वाचताना

नोव्हेंबर उजाडला की मी एक एक्सेल शीट उघडतो. तिचं नाव 'गोवा_फायनल_फायनल_२'. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, म्हणजे इफ्फीचं वेळापत्रक त्यात उतरवायचं. सिनेमा, देश, मिनिटं, थिएटर, वेळ. मग रंग द्यायचे. हिरवा म्हणजे बघायचाच, पिवळा म्हणजे जमलं तर, लाल म्हणजे झोप. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या माणसाला सुट्टीतसुद्धा रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला काय करणार!

२०२४ साली मी आणखी एक पायरी चढलो. पंचावन्नावा महोत्सव, २० ते २८ नोव्हेंबर, ८१ देशांमधले १८० हून जास्त सिनेमे. हे हाताने लावणं माझ्याच्याने होईना, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. इंजिनिअरिंगला अल्गोरिदमच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. अनेक कामं आहेत, प्रत्येकाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि एक किंमत आहे. एकमेकांवर न आदळणारी कामं अशी निवडा की एकूण किंमत सगळ्यात जास्त होईल. महोत्सवाचं वेळापत्रक म्हणजे तंतोतंत हाच प्रश्न. पणजीहून मांडवी ओलांडून पर्वरीच्या थिएटरला जायचं तर मध्ये अर्धा तास धरायचा, एवढीच भर घातली.

अडचण एकच होती. सिनेमाची 'किंमत' कशी ठरवायची? न बघितलेल्या सिनेमाला मार्क द्यायचे कसे? मी फार विचार केला नाही. कान, व्हेनिस, बर्लिनला बक्षीस मिळालं असेल तर १०. तिथे नुसता निवडला गेला असेल तर ६. लोकार्नो, कार्लोव्ही व्हॅरी वगैरेंना ५. यातलं काहीच नसेल तर २. एंटर दाबलं. दोन सेकंदांत बावीस सिनेमांची यादी समोर आली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला ती मोठ्या कौतुकाने दाखवली. तिने वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे काय, शेंगेन व्हिसा काढलायस का?"

मी हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. बावीसपैकी सोळा सिनेमे युरोपातले किंवा युरोपच्या पैशाने झालेले होते. 'जागतिक सिनेमा' बघायला मी सहा दिवसांची रजा टाकली होती आणि माझं जग फ्रान्स ते रुमानिया एवढंच निघालं.

कोडमध्ये गडबड दिसली की पहिला प्रश्न असतो, चूक लॉजिकमध्ये आहे की डेटामध्ये? लॉजिक माझंच होतं, तिथे मी दोषी. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि नुसता डेटा बघायला बसलो. सगळे १८० नाही, फक्त मुख्य स्पर्धेतले १५, म्हणजे ज्यांतून सुवर्ण मयूर निवडला जातो ते. बारा परदेशी, तीन भारतीय. भारतीयांत 'द गोट लाइफ', 'आर्टिकल ३७०' आणि निखिल महाजनचा मराठी 'रावसाहेब'. परदेशी बारांमध्ये लिथुआनियाचा 'टॉक्सिक' होता. त्याला ऑगस्टमध्येच लोकार्नोचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, मिळून गेलेला. रुमानियाचा 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम' व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात पहिला आलेला. फ्रान्सचा 'होली काऊ' कानमध्ये युवा ज्युरीचं बक्षीस घेऊन आलेला. सिंगापूरच्या 'पिअर्स'च्या दिग्दर्शिकेला कार्लोव्ही व्हॅरीत दिग्दर्शनाचं बक्षीस. ट्युनिशियाचे दोन सिनेमे, एक बर्लिनच्या मुख्य स्पर्धेतून, दुसरा लोकार्नोतून. जॉर्जियाचा 'पॅनॉप्टिकॉन' पुन्हा कार्लोव्ही व्हॅरीतून. लॅटिन अमेरिकेतला एकही नाही. सहाराच्या खालच्या आफ्रिकेतला एकही नाही. चीन, जपान, कोरिया कुणीच नाही.

म्हणजे माझी स्क्रिप्ट आणि महोत्सवाची निवड, दोघांचं लॉजिक जवळपास सारखंच होतं. मी दोन सेकंदांत केलं, त्यांना वर्ष लागलं. एवढाच काय तो फरक.

पुढे काय झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे. सुवर्ण मयूर 'टॉक्सिक'ला. दिग्दर्शनाचं बक्षीस 'न्यू इयर'च्या बोग्दान मुरेशानूला. परीक्षकांचा विशेष पुरस्कार 'होली काऊ'ला. पदार्पणाचं बक्षीस अमेरिकेच्या 'फॅमिलिअर टच'ला, आणि तोही व्हेनिसमध्ये पदार्पणाचंच बक्षीस घेऊन आला होता. आशुतोष गोवारीकर अध्यक्ष असलेल्या ज्युरीला यात दोष देता येत नाही, कारण समोर ठेवलेल्या पंधरातलं त्यांनी जे उचललं ते चांगलंच होतं. पण बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर शाळेने तीच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायची आणि पहिला नंबर पुन्हा त्याच मुलाला द्यायचा, यात शाळेने नवीन काय सांगितलं?

हे एका वर्षापुरतंही नाही. मागची काही नावं बघा. २०१४ चा 'लेव्हायथन' कानमध्ये पटकथेचं बक्षीस घेऊन आलेला. २०१६ चा इराणी 'डॉटर' मॉस्कोत जिंकून आलेला. २०१७ चा '१२० बीपीएम' कानमध्ये ग्रां प्री मिळवून, २०१८ चा 'डॉनबास' तिथल्याच 'अं सर्तें रगार'मध्ये दिग्दर्शनाचं बक्षीस मिळवून. २०२२ चा कोस्टारिकाचा 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स' लोकार्नोत दिग्दर्शन आणि अभिनयाची तीन बक्षिसं घेऊन. सगळे सिनेमे चांगले आहेत, काही तर फारच चांगले. पण आपला मोर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगणात नाचून आलेल्यांच्या गळ्यात पडतो.

यामागे कॅलेंडरही आहे, हे मान्य करायला हवं. कान मेमध्ये, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस आणि टोरँटो त्यानंतर लगेच. नोव्हेंबरचा गोवा या रांगेत शेवटी उभा. नवा सिनेमा पहिल्यांदा कुठे दाखवायचा हे दिग्दर्शक आणि विक्री करणाऱ्या कंपन्या ठरवतात आणि त्यांचं पहिलं स्थळ गोवा नसतं. तेव्हा ताजं फळ मिळणार नाही हे ठीक. पण रांगेत शेवटी उभं राहण्याचा एक फायदाही असतो. वर्षभरात काय काय झालं ते सगळं तुमच्यासमोर असतं, म्हणून इतरांच्या नजरेतून काय निसटलं ते शोधायला जागा असते. निवडीला मत असलं तर.

*

मी १९ तारखेच्या रात्री पुण्याहून गडहिंग्लजला घरी गेलो. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि माझं नाव अजून तिथल्याच यादीत आहे. सकाळी मत देऊन आजऱ्यावरून, आंबोली घाट उतरून पणजी गाठायची असा बेत. त्यामुळे उद्घाटनाचा 'बेटर मॅन' हुकणार हे ठरलेलंच होतं. त्यात गायक रॉबी विल्यम्सला संगणकावर तयार केलेल्या चिंपांझीच्या रूपात दाखवलंय. फार हळहळ वाटली असं म्हणवत नाही.

सकाळी गोठ्यापाशी अण्णा धार काढत होते. मी मोबाइलवर शीट बघत उभा.

"काय रं, एवढं लांब जाऊन नुसतं पिच्चर बघतोस?"

"जगातले असतात अण्णा. सगळ्या देशांतले."

"मग कायतरी चांगला आसंल की. म्हशीचा हाय का एखादा?"

मी शीट चाळली. "गाईचा आहे. फ्रान्सचा."

"त्यो बघ," म्हणाले आणि बादली उचलून गेले.

'होली काऊ' माझ्या यादीत होताच, पण त्याला कानच्या खात्यातले १० मार्क होते म्हणून. अण्णांच्या निकषावर तो पहिला आला असता, आणि खरं सांगतो, त्या सहा दिवसांत मला सगळ्यात जवळचा वाटलेला सिनेमाही तोच. फ्रान्सच्या ज्युरा भागातला अठरा वर्षांचा तोतोन. दारू, नाच, मारामाऱ्या यांत रमलेला. बाप अपघातात जातो आणि सात वर्षांची बहीण याच्या गळ्यात. मग कुठूनतरी कळतं की उत्तम कोंते चीज बनवणाऱ्याला तीस हजार युरोचं बक्षीस आहे. याला चीज बनवता येत नाही, दूध नाही, भांडी नाहीत. दूध चोरायचं ठरतं, तेही जिच्या प्रेमात तो पडत चाललाय त्या मुलीच्या गोठ्यातून. लुईझ कुर्व्हुआझिए ही दिग्दर्शिका स्वतः त्याच भागातली आणि तिने पडद्यावर उभी केलेली माणसंही त्याच भागातली, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. म्हणून हात बरोबर चालतात. दुधाचं तापमान बघणारा हात, चोथा कापडात गोळा करणारा हात. अभिनय शिकलेल्या माणसाला ते जमत नाही; माझ्या आईचं दही लावताना बोट बुडवून बघणं मला आयुष्यात जमलेलं नाही, तसंच. सिनेमा गरिबीची कणव मागत नाही. तोतोन चोर आहे, खोटारडा आहे, आणि दिग्दर्शिकेला तो तसाच आवडतो.

'टॉक्सिक' याच्या उलट टोकाचा. लिथुआनियातल्या कारखान्यांच्या उजाड गावात दोन तेरा वर्षांच्या मुली मॉडेल होऊन बाहेर पडायचं स्वप्न बघतात. वजन उतरावं म्हणून जंताची अंडी विकत घेण्यापर्यंत मजल जाते. साउले ब्लूव्हाइटे कॅमेरा दूर ठेवते, मुलींना भिंतींच्या, गंजलेल्या पत्र्यांच्या, रिकाम्या मैदानांच्या चौकटीत लहान करून टाकते. चौकटी इतक्या नेमक्या आहेत की मला काही वेळा त्यांचाच कंटाळा आला. दुःखाचा फोटो फार छान आला की दुःख थोडं कमी होतं. तरी त्या दोघींमधली मैत्री, आधी एका जीन्स पँटवरून झालेली मारामारी आणि मग हळूहळू आलेला विश्वास, हे खरं आहे. मोर त्या मैत्रीसाठी दिला असेल तर माझी हरकत नाही. चौकटींसाठी दिला असेल तर आहे.

रुमानियाच्या सिनेमाबद्दल फार लिहीत नाही. डिसेंबर १९८९, चाउशेस्कूची राजवट पडायला आलीय, पण हे कुणालाच माहीत नाही. सहा माणसांच्या एका दिवसाच्या भीती एकमेकींत गुंतत जातात. शेवटी राव्हेलचा 'बोलेरो' वाजत वाजत चढत जातो तेव्हा शेजारी बसलेले एक काका खुर्चीचा हात घट्ट धरून होते. सिनेमा संपल्यावर ते मला म्हणाले, "आणीबाणीत मी बावीस वर्षांचा होतो." एवढंच. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

*

आता मूळ तक्रारीकडे. हे सगळे सिनेमे मला आवडले, मग माझं म्हणणं काय आहे? शिक्का युरोपचा असेना, सिनेमा चांगला आहे ना? गडहिंग्लजच्या पोराला लोकार्नोचा सिनेमा तीन महिन्यांत पणजीत बघायला मिळतो, ही काही छोटी गोष्ट आहे का?

नाही, छोटी नाही. मी हे विसरलो तर कृतघ्न ठरेन. पण महोत्सवाचा कार्यक्रम म्हणजे नुसती चांगल्या सिनेमांची गाडी भरून आणणं नाही. कार्यक्रम हे एक विधान असतं: या वर्षी, या शहरात, या प्रेक्षकांनी हे का बघावं. आणि आपल्याकडे अशी विधानं झालेली आहेत.

२४ जानेवारी १९५२ ला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. २३ देश, चाळीसच्या आसपास कथापट. स्पर्धा नव्हतीच. त्यात डी सिकाचे 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'मिरॅकल इन मिलान' होते, रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' होता. जपानचा 'युकीवारिसू' होता. भारताकडून चार भाषांतले चार होते: हिंदीतला 'आवारा', तेलुगूतला 'पाताळ भैरवी', बंगालीतला 'बाबला' आणि मराठीतला 'अमर भूपाळी'. होनाजी बाळाची गोष्ट रोसेलिनीच्या शेजारी! आणि हा महोत्सव मुंबईत संपला नाही. तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता, त्रिवेंद्रमला गेला. सिनेमा प्रेक्षकाकडे गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा ज़मीन' आला, त्यात इटलीच्या त्या सायकलीची चाकं कलकत्त्याच्या हातरिक्षाला लागलेली दिसतात. एका कार्यक्रमाने एका देशाच्या सिनेमाची दिशा थोडी का होईना वळवली.

१९६५ ला महोत्सव स्पर्धात्मक झाला. ज्युरीचे अध्यक्ष सत्यजित राय. पहिला सुवर्ण मयूर गेला 'गम्पेरलिया'ला, लेस्टर जेम्स पेरीस यांच्या सिंहली सिनेमाला. तेव्हा त्या देशाचं नाव सिलोन होतं. पहिल्यांदाच मोर द्यायची वेळ आली आणि तो समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याला दिला गेला. ते एक विधान होतं. २०२४ च्या त्या पंधरांत आपला एकही शेजारी देश नाही. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान, कुणीच नाही. लिथुआनियातल्या मुली मला भेटल्या याचा आनंद आहे, पण काठमांडूतल्या मुली काय करतात हे मी कुठे बघू?

केरळमध्ये यावर एक साधा उपाय केलेला आहे. तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेला फक्त आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका इथलेच सिनेमे घेतात. एवढा एकच नियम. आणि या एका नियमाने बक्षिसांची यादी पार बदलते. त्यांनी लेसोथोच्या 'धिस इज नॉट अ बरिअल, इट्स अ रिझरेक्शन'ला सुवर्ण चकोर दिला. मी तो नंतर लॅपटॉपवर बघितला. धरणासाठी गाव उठवायचंय आणि सगळी माणसं गमावलेली एक म्हातारी म्हणते, आमच्या मेलेल्यांना इथून हलवू देणार नाही. आमच्या तालुक्यात धरणग्रस्त हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या म्हातारीची भाषा कळली नाही तरी ती माझ्या शेजारच्या गल्लीतली होती. आता हेही सांगायला हवं की तो सिनेमासुद्धा अमेरिकेतल्या सनडान्सहून बक्षीस घेऊन आला होता. म्हणजे दार तेच. पण त्या दारातून कुणाला आत घ्यायचं हे केरळने आपल्या नियमाने ठरवलं. मुंबईचा 'थर्ड आय' महोत्सवही आशियापुरताच आहे, आणि त्यामुळेच त्याचा कार्यक्रम काय म्हणतोय ते ऐकू येतं. मोठ्या महोत्सवाला 'सगळं जग' दाखवायचं असतं. मग 'सिनेमा ऑफ द वर्ल्ड' नावाचा विभाग करायचा आणि राहिलेलं सगळं त्यात टाकायचं. घरातल्या त्या एका ड्रॉवरसारखं, जिथे जुने चार्जर, मेणबत्त्या आणि लग्नपत्रिका एकत्र नांदतात.

*

इफ्फीच्या त्याच कार्यक्रमात एक कोपरा मात्र वेगळा होता, आणि गंमत म्हणजे माझ्या स्क्रिप्टने त्यातला एकही सिनेमा निवडला नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पुनरुज्जीवित केलेले जुने भारतीय सिनेमे. त्यांना या वर्षी कुठलंच बक्षीस नव्हतं, म्हणून २ मार्क. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' मी १९१९ सालाबद्दल २ मार्कांवर बसवला होता.

रांगेतल्या एका गोव्याच्या मुलीने ओढून नेलं म्हणून मी तिथे गेलो. समोर थेट वादन चालू. पडद्यावर सुरुवातीला एक सात वर्षांची मुलगी, फाळक्यांची लेक मंदाकिनी. कृष्ण व्हायच्या आधी ती नुसती कॅमेऱ्याकडे बघते आणि एकामागून एक भाव दाखवते, हसू, राग, रडू. मग हळूच तिच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण येतो. बाप जणू प्रेक्षकांना सांगतोय, बघा, ही माझी मुलगी, आणि आता हा देव. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या मुलीने डोळे मोठे केले आणि आमच्या रांगेतली पाच-सहा वर्षांची एक पोर खुदकन हसली. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या फिल्मांचे उरलेसुरले तुकडे गोळा केले नसते तर हे हसू झालंच नसतं.

हे लोकार्नोला जमलं नसतं. जमलं असतं तरी तिथल्या प्रेक्षकाला यमुनेचा डोह आणि त्यातला नाग आधीपासून माहीत नसता. आणि या विभागाची आखणी बघा. २०२४ हे राज कपूर, मोहम्मद रफी, तपन सिन्हा आणि अक्किनेनी नागेश्वर राव या चौघांचं जन्मशताब्दी वर्ष. 'आवारा', 'हम दोनो', 'हार्मोनियम', 'देवदासु': चौघांना एकेक सिनेमा. शताब्दी म्हणजे तशी पंचांगातून आलेली कल्पना, पण निदान कुणीतरी दोन गोष्टी जोडून बघितल्यात हे कळतं. 'आवारा' तर १९५२ च्या त्या पहिल्या कार्यक्रमातही होता. ७२ वर्षांनी तो त्याच महोत्सवात परत आला होता, धुऊन-पुसून. माझ्या डोक्यात ही जोडणी घरी परतताना बसमध्ये झाली. कार्यक्रमपत्रिकेत ती दोन ओळींत छापली असती तर कितीतरी लोकांच्या डोक्यात थिएटरमध्येच झाली असती.

कारण पत्रिकेतला मजकूर हा स्वतंत्र दुखण्याचा विषय आहे. प्रत्येक सिनेमाखाली गोष्टीचा सारांश, दिग्दर्शकाचा फोटो, लांबी. सारांशात कुणीतरी ओळखीच्या शोधात असतो, कुणीतरी भूतकाळाला सामोरा जातो. पन्नास सारांश वाचल्यावर असं वाटतं की जगभर एकच माणूस पन्नास गावांत भूतकाळाला सामोरा जात हिंडतोय. मला गोष्ट नको आहे. हा सिनेमा कुणी निवडला आणि का, हे हवंय. चार ओळी, खाली नाव. चुकीचा निघाला तर मी त्या नावाशी भांडेन, बरोबर निघाला तर पुढच्या वर्षी त्या नावाच्या मागे जाईन. आम्ही कोडच्या प्रत्येक ओळीवर कुणी लिहिली, का बदलली याची नोंद ठेवतो. सिनेमाच्या निवडीला तेवढीही नसावी?

नोंद नसली की काय होतं ते २०१७ ला दिसलं. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो, गोव्याला यायची ऐपत नव्हती, बातम्या वाचत होतो. इंडियन पॅनोरमाच्या ज्युरीने निवडलेल्या यादीतून रवी जाधवचा 'न्यूड' आणि सनल कुमार ससिधरनचा 'एस दुर्गा' हे दोन सिनेमे मंत्रालयाने वगळले. 'न्यूड'ने तर तो विभाग सुरू व्हायचा होता. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 'एस दुर्गा' दाखवा असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने दिला, तरी तो दाखवला गेला नाही. आमच्या भाषेत दोन फाइलींमधला फरक काढण्याला 'डिफ' म्हणतात. ज्युरीची यादी आणि छापलेली यादी यांचा डिफ काढला तर फक्त दोन लाल ओळी. कलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसून पोट भरणाऱ्या बाईची गोष्ट लाल. तेव्हापासून मी कुठलाही कार्यक्रम वाचताना छापलेल्या नावांबरोबर न छापलेली नावंही शोधतो. बहुतेक वेळा ती सापडत नाहीत. २०१७ ला सापडली, कारण ज्युरीतली माणसं बोलली.

आणि जागा नसते असंही नाही. २०२४ च्या पॅनोरमातल्या मुख्य प्रवाहाच्या विभागात 'ट्वेल्थ फेल', 'कल्की २८९८ एडी', 'मंजुम्मेल बॉइज' होते. तिन्ही थिएटरमध्ये चालून गेलेले, घरात मोबाइलवर बघता येणारे. मला 'मंजुम्मेल बॉइज' आवडतो, पण त्यासाठी आंबोली घाट उतरायची गरज नव्हती. तेवढ्या खेळांमध्ये अशी किती नावं बसली असती जी एरवी आपल्या कुठल्याच पडद्यावर येणार नाहीत!

*

२२ तारखेला, महोत्सव ऐन भरात असताना, पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' देशभरातल्या साध्या थिएटरांत लागला. कानमध्ये ग्रां प्री मिळवलेला. माझ्या स्क्रिप्टने त्याला १० दिले असते. पुण्याला परतल्यावर मी तो रविवारी सकाळच्या खेळाला बघितला. तिकीट दोनशेच्या आत, थिएटरात आम्ही अकरा जण. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेस आणि रत्नागिरीकडची पार्वती, म्हणजे छाया कदम. बिल्डर चाळ रिकामी करायला सांगतो आणि पार्वतीकडे ती तिथे राहत असल्याचा एकही कागद नाही. शेवटी ती गावी, समुद्राकाठी परत जाते. मल्याळममधून मराठीत, मराठीतून हिंदीत वाहत जाणारा असा सिनेमा मी आधी बघितला नव्हता. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारं जोडपं होतं. पार्वतीचं बोलणं आलं की आजी आजोबांना कोपर मारत होत्या.

त्या रात्री मी शीट उघडली आणि 'मार्क' हा रकाना उडवून टाकला. त्याच्या जागी 'का' असा रकाना केला. आता प्रत्येक नावापुढे मला हाताने काहीतरी लिहावं लागतं, आणि सुचत नसेल तर तो सिनेमा यादीत घेता येत नाही. स्क्रिप्ट अर्थातच चालत नाही आता, तिला आकडे लागतात. २०२५ ची यादी करायला मला तीन रात्री लागल्या.

अण्णांना फोनवर सांगितलं की गाईचा बघितला.

"मग? घावलं का बक्षीस त्या पोराला?"

मी सांगितलं. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आनि ज्या पोरीचं दूध चोरलं, तिचं काय झालं त्ये सांग आधी."